अतिशीत वातविवर आणि दाब-संवेदकाची कसोटी

नव्या विमानाचा पंख आकाशात नेण्यापूर्वी त्याची परीक्षा जमिनीवर घ्यावी लागते. त्यासाठी विमानाची लहान प्रतिकृती तयार करून ती एका मोठ्या बंदिस्त मार्गात बसवतात आणि तिच्यावरून वेगाने हवा वाहू देतात. या मार्गाला वातविवर, रूढ भाषेत विंड टनेल, असे म्हणतात. आकाशात विमान पुढे सरकते आणि हवा स्थिर असते; वातविवरात प्रतिकृती स्थिर असते आणि हवा वाहते. पंखावर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्याच, कारण महत्त्व असते ते हवा आणि पंख यांच्यातील सापेक्ष गतीला.

या विस्तीर्ण विषयाचा एकच कोपरा आम्ही येथे उलगडून दाखवणार आहोत. उणे दीडशे अंश सेल्सिअसपेक्षाही थंड वाऱ्यात पंखावरील दाब मोजणारी नखाएवढी उपकरणे कशी काम करतात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी काय काय करावे लागते, हा तो कोपरा. विषय शाळेच्या वर्गापासून फार दूरचा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी असलेली तत्त्वे आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांतीलच आहेत. शिवाय त्यातून मिळणारा धडा मोजमाप करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे. उपकरणाने दाखवलेल्या आकड्यात मोजायच्या राशीचा भाग किती आणि उपकरणाच्या स्वतःच्या अवस्थेचा भाग किती, हे वेगळे करता आले तरच त्या आकड्याला मोजमाप म्हणता येते.

लहान प्रतिकृतीची अडचण

प्रतिकृती चाळीस पटींनी लहान करता येते. हवा मात्र लहान करता येत नाही. ही अडचण नीट समजण्यासाठी ऑस्बर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाचे स्मरण करावे लागेल. मँचेस्टर येथे काम करणाऱ्या रेनल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून निरीक्षण केले. प्रवाह संथ असताना ती धार सरळ रेषेत जाई. वेग एका मर्यादेपलीकडे वाढला की ती मोडून सगळ्या पाण्यात मिसळे. हा बदल केवळ वेगावर ठरत नाही, तर घनता, वेग आणि लांबी यांच्या गुणाकाराला श्यानतेने, म्हणजे प्रवाहीच्या चिकटपणाने, भागल्यावर येणाऱ्या संख्येवर ठरतो, असे त्यांनी दाखवले. हाच रेनल्ड्स अंक. या अंकाला कोणतेही एकक नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. सुमारे ११ किलोमीटर उंचीवरून सेकंदाला २५० मीटर वेगाने जाणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानाच्या पंखाची रुंदी सरासरी ८ मीटर धरली, तर रेनल्ड्स अंक सुमारे ५ कोटी येतो. त्याच विमानाच्या चाळीस पटींनी लहान प्रतिकृतीत ही रुंदी २० सेंटीमीटर होते. साध्या वातविवरात, खोलीच्या तापमानाला आणि वातावरणाइतक्या दाबाला, ध्वनिवेगाच्या ०.८५ पट वेगाने हवा सोडली, तर अंक येतो सुमारे ३७ लाख. म्हणजे प्रत्यक्षाच्या चौदाव्या हिश्श्याच्या आसपास.

वेग वाढवून ही तूट भरून काढता येत नाही. हवेचा वेग आणि ध्वनीचा वेग यांचे गुणोत्तर, म्हणजे माक अंक, हेही प्रतिकृतीत आणि विमानात सारखे असावे लागते. ते बिघडले की प्रवाहाचे स्वरूपच पालटते. तेव्हा माक अंक तोच राखून रेनल्ड्स अंक वाढवायचा, अशी ही दुहेरी अट आहे.

तूट किती महाग पडते

रेनल्ड्स अंकातील ही तूट केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेच्या सी-१४१ स्टारलिफ्टर या मालवाहू विमानाचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९६३ रोजी झाले. पंखावरून जाणारी हवा काही भागात ध्वनीपेक्षा वेगवान होते आणि पुढे एकाएकी मंदावते; त्या जागी आघात तरंग निर्माण होतो आणि दाब झटक्याने बदलतो. वातविवरातील चाचण्यांत हा तरंग पंखावर ज्या ठिकाणी दिसला होता, त्याच्या बराच मागे तो प्रत्यक्ष उड्डाणात आढळला. पंखाला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर, ज्याला सीमास्तर म्हणतात, तो कमी रेनल्ड्स अंकाला तुलनेने जाड असतो आणि आघात तरंगापाशी निराळ्या रीतीने वागतो. दाबाची वाटणी बदलली की पंखावर येणारा भार बदलतो आणि विमानाचे नाक वर किंवा खाली झुकवणारे बलही बदलते. चाचणीत एक आणि आकाशात दुसरेच, असा हा प्रसंग होता. अधिक रेनल्ड्स अंकाच्या वातविवराची गरज पटवून देताना अभियंत्यांनी पुढे वारंवार याच विमानाचा दाखला दिला.

थंडीचा उपाय

रेनल्ड्स अंक वाढवण्याचा एक मार्ग पूर्वीपासून ठाऊक होता, तो म्हणजे हवा दाबून दाट करणे. अमेरिकेतील लँग्ली प्रयोगशाळेत १९२० च्या दशकाच्या आरंभी माक्स मुंक यांच्या कल्पनेनुसार वातावरणाच्या वीस पट दाबाचे वातविवर उभारले गेले. परंतु दाब वाढला की प्रतिकृतीवर येणारे बलही त्याच प्रमाणात वाढते. ध्वनिवेगाच्या जवळपास चाचणी करायची तर प्रतिकृतीचे पंख वाकतात, तिला धरणारा दांडा जाड करावा लागतो, आणि मग ज्या आकाराची परीक्षा घ्यायची तो आकारच उरत नाही.

दुसरा मार्ग थंडीचा. वायू थंड केला की त्याची घनता वाढते, श्यानता कमी होते आणि त्यातील ध्वनिवेगही घटतो. वरील उदाहरणातील तापमान ३०० केल्विनवरून ११० केल्विनवर, म्हणजे सुमारे उणे १६३ अंश सेल्सिअसवर, आणले आणि हवेऐवजी नायट्रोजन वापरला, तर घनता सुमारे पावणेतीन पट होते, श्यानता निम्म्याहून कमी होते आणि तोच माक अंक राखण्यासाठी पूर्वीच्या सुमारे साठ टक्के वेग पुरतो. सगळ्यांचा एकत्रित परिणाम म्हणून रेनल्ड्स अंक सुमारे चौपट होतो. ३७ लाखांचे जवळजवळ दीड कोटी होतात. त्यावर दाब साडेतीन पट केला की पाच कोटींचा पल्ला गाठला जातो. महत्त्वाचे असे की, दाब आणि माक अंक तेच ठेवून केवळ तापमान उतरवले, तर प्रतिकृतीवर येणारे बल वाढत नाही, आणि पंखा फिरवण्यास लागणारी शक्तीही कमी होते.

थंड वायूचा हा फायदा ब्रिटनमधील आर. स्मेल्ट यांनी १९४५ साली दाखवून दिला होता. पण एवढा वायू एवढा थंड ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. पुढे १९७१ साली लँग्ली येथे मायकेल गुडयर आणि रॉबर्ट किल्गोर यांनी हा विचार पुन्हा हाती घेतला. वाहत्या प्रवाहात थेट द्रवरूप नायट्रोजन फवारायचा, हा त्यांचा मार्ग. द्रव नायट्रोजन वातावरणाच्या दाबाला उणे १९६ अंशांवर उकळतो. उकळताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो आणि स्वतः वायू होऊन प्रवाहात मिसळतो. लहान प्रायोगिक वातविवरांत यश आल्यावर लँग्ली येथेच नॅशनल ट्रान्सॉनिक फॅसिलिटी उभी राहिली आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कामाला लागली. तिचा चाचणीकक्ष सुमारे अडीच मीटर रुंद व तितकाच उंच आहे. तेथे वायू उणे १५७ अंशांपर्यंत उतरवता येतो आणि दाब वातावरणाच्या जवळजवळ नऊ पट करता येतो. युरोपात फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि नेदरलँड्स या चार देशांनी मिळून जर्मनीतील कोलोन येथे असेच वातविवर उभारले. तेथे ११० केल्विनपर्यंत तापमान आणि ४.५ बारपर्यंत दाब मिळतो.

दाब कसा मोजतात

पंखाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरील दाबांत जो फरक पडतो, त्यातून उचल मिळते. म्हणून पंखावर ठिकठिकाणी दाब किती आहे, याचा नकाशा अभियंत्याला हवा असतो. त्यासाठी प्रतिकृतीच्या पृष्ठभागावर मिलिमीटरच्या अंशाएवढी बारीक भोके पाडतात आणि प्रत्येक भोकापासून एक सूक्ष्म नळी प्रतिकृतीच्या आतून संवेदकाकडे नेतात.

पूर्वी या नळ्यांच्या टोकांना द्रवाने भरलेले काचेचे दाबमापक जोडत. शाळेच्या प्रयोगशाळेतील यू आकाराची नळी ती हीच. अशा शेकडो नळ्यांच्या रांगांचे छायाचित्र घेऊन प्रत्येक नळीतील पातळी नंतर वाचली जाई. पुढे एकच विद्युत संवेदक फिरत्या झडपेने एकामागून एक नळीला जोडण्याची पद्धत आली. त्यानंतर प्रत्येक नळीसाठी सिलिकॉनचा स्वतंत्र संवेदक आणि सगळ्यांचे वाचन वेगाने एकामागोमाग करणारे विद्युत मंडल, अशी रचना रूढ झाली. आगपेटीएवढ्या डबीत बत्तीस किंवा चौसष्ट संवेदक बसतात आणि सेकंदाला हजारो वाचने मिळतात.

संवेदकाची रचना साधी आहे. सिलिकॉनच्या चकतीचा मधला भाग रासायनिक रीतीने कोरून अतिशय पातळ पडदा तयार करतात. पडद्याच्या एका बाजूस मोजायचा दाब, दुसऱ्या बाजूस ठाऊक असलेला संदर्भदाब. फरकामुळे पडदा किंचित वाकतो. पडद्यावर चार विद्युत रोधक घडवलेले असतात. पडदा वाकला की दोहोंचा रोध वाढतो आणि दोहोंचा घटतो. ताण पडल्यावर सिलिकॉनचा रोध धातूच्या तुलनेत कितीतरी अधिक बदलतो, हे चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ साली प्रसिद्ध केले. या संवेदकाचा पाया तोच. हे चार रोधक बारावीच्या भौतिकशास्त्रातील व्हीटस्टन सेतूच्या रूपात जोडलेले असतात. सेतूचा तोल ढळला की विद्युत दाब मिळतो, आणि त्यावरून वायूचा दाब कळतो.

थंडी संवेदकाला काय करते

खोलीच्या तापमानाला हा संवेदक उत्तम काम करतो. तोच उणे १६३ अंशांत नेला की त्याच्यात अनेक बदल एकाच वेळी घडतात.

पहिला बदल शून्याचा. दाबाचा फरक नसतानाही सेतू काही तरी आकडा दाखवू लागतो. चारही रोधक अगदी सारखे असते आणि थंडीने सारखेच बदलले असते, तर सेतूचा तोल ढळला नसता. सेतूची खुबीच ती आहे. सर्वांना समान असलेला बदल तो गाळून टाकतो. परंतु कोणतेही चार रोधक अगदी तंतोतंत सारखे नसतात, आणि उरलेला फरक थंडी उघडा पाडते.

दुसरा बदल संवेदनशीलतेचा. तेवढ्याच ताणाने रोधात होणारा बदल तापमानानुसार कमीजास्त होतो. शिवाय अर्धसंवाहकात मुद्दाम मिसळलेल्या बोरॉनसारख्या द्रव्यामुळे विद्युतवहन होते. मिसळ फार विरळ असेल, तर तीव्र थंडीत विद्युतभार वाहणारे कण जागच्या जागी अडकून पडतात आणि रोध भलताच वाढतो.

तिसरा बदल आकुंचनाचा. एक मीटर लांबीची स्टेनलेस पोलादाची पट्टी खोलीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत थंड केली, तर सुमारे पावणेतीन मिलिमीटर आखडते. तेवढीच सिलिकॉनची पट्टी पाव मिलिमीटरही आखडत नाही. इतकेच नव्हे, सुमारे १२० केल्विनच्या खाली सिलिकॉन थंड होताना किंचित प्रसरण पावतो. मग पोलादाच्या बैठकीवर घट्ट बसवलेला सिलिकॉनचा पडदा थंडीत चिमटला जातो आणि त्या चिमट्याचा ताण दाबाच्या ताणात मिसळतो. ताण कोणत्या कारणाने आला, हे पडद्याला ओळखता येत नाही.

चौथा बदल भोवतालच्या साहित्याचा. रबरी कडी आणि काही चिकटद्रव्ये थंडीत लवचिकता गमावतात. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान कोसळले, त्या दुर्घटनेत थंडीने ताठर झालेल्या रबरी कडीचा वाटा होता. आणि तेथील थंडी तर पाणी गोठण्याच्या आसपासची होती. येथे आपण त्याच्या दीडशे अंश खालची गोष्ट करीत आहोत. त्यातच वायूत थोडी जरी आर्द्रता राहिली, तरी तिचे दहिवर गोठून ती बारीक भोके बुजू शकतात.

या बदलांचे वजन किती, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एक संवेदक १०० किलोपास्कल दाबाला १०० मिलिव्होल्ट देतो आणि त्याचे शून्य दर अंशाला केवळ ०.०५ मिलिव्होल्टने सरकते. एका अंशासाठी हा दोष नगण्य. पण तापमान १९० अंशांनी उतरले की तो साडेनऊ मिलिव्होल्ट, म्हणजे साडेनऊ किलोपास्कल होतो. प्रवाहाचा दाब १०० किलोपास्कल आणि माक अंक ०.८५ असता वाऱ्याच्या गतीमुळे येणारा गतिक दाब सुमारे ५० किलोपास्कल असतो. म्हणजे ज्या राशीवर सगळा हिशेब चालतो, तिच्या जवळजवळ एक पंचमांश एवढी चूक. आणि ती वाऱ्याने नव्हे, थंडीने केलेली. रेनल्ड्स अंक खरा करण्यासाठी एवढा खटाटोप केला आणि दाबच खोटा मोजला, तर सी-१४१ च्या वेळची अडचण दुसऱ्या दाराने पुन्हा आत येईल.

दोन मार्ग

या अडचणीवर दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग संवेदकाला थंडी लागूच न देण्याचा. संवेदकांची डबी उष्णतारोधक आवरणात बंद करून विजेच्या तापकाने ठरावीक तापमानावर राखायची. भोवती उणे दीडशे अंशांचा वारा वाहत असतो आणि प्रतिकृतीच्या पोटात संवेदक उबेत असतात. लँग्लीच्या वातविवरात ही पद्धत वापरली गेली. तिचा लाभ उघड आहे. खोलीच्या तापमानाला पारखलेले, ओळखीचे संवेदक तसेच वापरता येतात.

पण तिची किंमतही आहे. आवरण आणि तापक यांना जागा लागते आणि पातळ पंखात ती नसते. म्हणून डबी धडात ठेवून नळ्या लांबवर न्याव्या लागतात. नळी जितकी लांब आणि बारीक, तितका दाब स्थिरावायला वेळ अधिक. आणि वातविवर चालू असताना प्रत्येक क्षणी द्रव नायट्रोजन खर्च होत असतो. दुसरे असे की, डबीतील उष्णता कितीही अडवली तरी थोडी झिरपतेच. त्यामुळे प्रतिकृतीचा एखादा भाग भोवतालच्या वायूपेक्षा उबदार राहिला, तर त्यावरील सीमास्तर बदलतो. मोजण्याच्या सोयीसाठी केलेली व्यवस्था मोजायची गोष्टच बदलू लागते.

दुसरा मार्ग संवेदकालाच थंडीत राहण्यायोग्य करण्याचा. लँग्लीच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात त्या दिशेने, तापकाविना चालणाऱ्या बहुमुखी सिलिकॉन संवेदकांवर काम केले. या मार्गात प्रत्येक दोषाला त्याच्या कारणापाशी गाठावे लागते. बोरॉनची मिसळ दाट केली की संवेदनशीलता थोडी कमी होते, पण तापमानाचा परिणाम बराच घटतो आणि कण अडकून पडत नाहीत. सिलिकॉनची चकती थेट पोलादावर न बसवता, सिलिकॉनसारखेच आकुंचन असलेल्या विशिष्ट बोरोसिलिकेट काचेवर, चिकटद्रव्याशिवाय, उष्णता आणि विद्युत दाब यांच्या साहाय्याने सांधतात. रबराच्या जागी थंडीत टिकणारे जोड वापरतात.

एवढे करूनही जो दोष उरतो तो नाहीसा होत नाही. तो मोजून ठेवावा लागतो. संवेदक शीतपात्रात ठेवून एका तापमानाला स्थिर करतात, त्याला प्रमाणित दाब एकामागून एक देतात आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर नोंदवतात. मग तापमान आणखी उतरवून तेच पुन्हा. दाब चढवताना आणि उतरवताना आकडे सारखे येतात का, थंडीत जाऊन परत आल्यावर शून्य जागेवर येते का, हेही तपासतात. अशा नोंदींतून प्रत्येक संवेदकाचे स्वतंत्र सूत्र तयार होते. चाचणीच्या वेळी संवेदकाशेजारी त्याचे तापमानही मोजले जाते आणि संगणक त्या सूत्राने आकडा दुरुस्त करतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्यातही काळजी अशी की, प्रत्यक्ष चाचणी चालू असताना डबीतील झडप फिरवून सर्व संवेदकांना मधूनमधून ठाऊक असलेला दाब देता येतो. कालचे सूत्र आज लागू आहे की नाही, हे तेथल्या तेथे कळते.

याशिवाय दुसरी साक्षही काढली जाते. ऑक्सिजनचे प्रमाण जास्त तेथे कमी चकाकणारा विशेष रंग प्रतिकृतीवर लावून, त्याच्या प्रकाशावरून सबंध पृष्ठावरील दाब पाहता येतो. नायट्रोजनच्या वातविवरात ऑक्सिजन नसतो, म्हणून तो मोजून थोडा सोडावा लागतो, आणि तीव्र थंडीतही ऑक्सिजनला आत शिरू देणारा सच्छिद्र थर लागतो. जपानी संशोधकांनी यासाठी ॲल्युमिनियमच्या पृष्ठावर विद्युतरासायनिक रीतीने असा थर तयार करून दाखवला. रंग सबंध चित्र देतो, भोकांतील संवेदक नेमका आकडा देतात. दोन्ही जुळले तर विश्वास वाढतो, जुळले नाहीत तर शोध सुरू होतो.

आपल्या वर्गात करता येण्याजोगा प्रयोग

वाचकांपैकी शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांनी पुढील प्रयोग अवश्य करून पाहावा. खर्च अगदी थोडा आहे. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात फळीवर बसवून तिच्यात रंगीत पाणी भरावे. नळीचे एक टोक रबरी बुचातून काचेच्या रिकाम्या बाटलीत न्यावे आणि जोड हवाबंद करावा. दुसरे टोक उघडे ठेवावे. आता बाटलीला दोन्ही तळहातांनी काही क्षण धरावे. बाटलीत कोणी फुंकर घातली नाही, तरी पाण्याची पातळी सरकताना दिसेल. हिशेब सोपा आहे. बंद हवेचे तापमान ३० अंशांच्या आसपास असताना एका अंशाने वाढले, तर तिचा दाब सुमारे ३३० पास्कलने वाढू पाहतो, म्हणजे पाण्याच्या सुमारे साडेतीन सेंटीमीटर उंचीएवढा. पातळी सरकताना हवेला थोडी जागा मिळते, म्हणून प्रत्यक्षात फरक त्याहून काहीसा कमी दिसेल. दाबमापकाने येथे वास्तविक तळहाताची ऊब दाखवली.

मग दुसऱ्या टोकालाही तशीच, तेवढीच बाटली जोडावी आणि दोन्ही बाटल्या कोमट पाण्याच्या एकाच घमेल्यात एकदम ठेवाव्यात. दोन्हींकडे ऊब समान पोहोचते, म्हणून पातळीत फारसा फरक पडत नाही. व्हीटस्टन सेतू नको असलेला समान बदल कसा गाळतो, हे या दोन बाटल्या डोळ्यांसमोर दाखवतात. शेवटी एक बाटली थोडी लहान घेऊन पाहावी, अथवा एकीच्या बुचाजवळची नळी लांब ठेवावी. तोल किती आणि का ढळतो, याची नोंद विद्यार्थ्यांनी तापमानासह वहीत करावी. तो तक्ता म्हणजे त्यांच्या स्वतःच्या उपकरणाचे पहिले कॅलिब्रेशन होय.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज कारखान्यांत, रुग्णालयांत, प्रयोगशाळांत आणि शेतीच्या व्यवसायात मापकयंत्रांशी रोज व्यवहार करतात. रक्तदाबाचे यंत्र असो, दूधसंकलन केंद्रावरील काटा असो किंवा शीतगृहातील तापमापक असो, प्रत्येकाबाबत तेच प्रश्न विचारता येतात. हे यंत्र शेवटचे कधी पडताळले? ज्या परिस्थितीत वापरतो, त्याच परिस्थितीत पडताळले होते का? काहीच मोजायचे नसताना ते काय दाखवते? सुट्टीत शाळेत येऊन आपल्या हाताखालच्या यंत्राची अशी पडताळणी मुलांना समजावून सांगणाऱ्या माजी विद्यार्थ्याचे आमच्या वर्गात नेहमीच स्वागत होईल.